दिवसाची लाईट

माझी नोकरी विजेच्या उपकेंद्रातली. सारंगखेड्याहून शहाद्याकडे जाताना पपईच्या बागांच्या मधोमध तारेच्या कुंपणात लोखंडी खांबांचं एक जंगल उभं दिसतं, ते आमचं उपकेंद्र. आतल्या खोलीत पॅनेलांची रांग आहे. प्रत्येक पॅनेल एका फिडरचं, म्हणजे काही गावांना आणि शिवारांना वीज नेणाऱ्या एका लाईनचं. कोणत्या फिडरला कधी वीज सोडायची आणि कधी काढायची याचा आदेश वरून फोनवर येतो. बटण मात्र मी दाबते. कागदोपत्री मी यंत्रचालक. गावात तसं कोणी म्हणत नाही, गावात मी लाईटवाली.

माझं माहेर आणि सासर एकाच गावात, आणि आमच्या गावाचं शेतीचं फिडर याच उपकेंद्रावर. म्हणजे माझ्या मायच्या विहिरीवरची मोटर माझ्या बोटावर चालते. नोकरी लागली तेव्हा तिने साऱ्या गल्लीत पेढे वाटले. पुढे तीच माझ्या नावाने खडे फोडायला लागली, कारण लाईट गेली की शिवारातले बाकीचे लोक मंडळाला शिव्या द्यायचे आणि ती मला.

मंडळ हा शब्द आमच्या घरात अजून जिवंत आहे तो आप्पांमुळे. माझे वडील वीज मंडळात लाईनमन होते. मी शाळेत असताना मंडळाचे तुकडे झाले. वीज तयार करायची ती एक कंपनी, ती मोठ्या मनोऱ्यांवरून दूरवर वाहून आणायची दुसरी, आणि गावोगाव, घरोघर वाटायची तिसरी. आप्पा तेव्हा संपावर गेले होते. नंदुरबारला मांडवात बसून, घोषणा देऊन घसा बसवून घरी आले आणि ओट्यावर बसले. मग म्हणाले, "घरनी वाटनी व्हई गयी." त्यांच्या दृष्टीने ती खरंच घरातली वाटणी होती. पुढे ते वाटपाच्या कंपनीतून निवृत्त झाले, पण त्या कंपनीचं नाव त्यांनी कधी तोंडातून काढलं नाही. मी नोकरीला लागले तेव्हाही त्यांनी पाहुण्यांना सांगितलं, "पोरगी मंडळमा लागनी."

शेतीच्या फिडरची रीत अशी होती की एक आठवडा दिवसा वीज आणि पुढचा आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात सारं शिवार बॅटऱ्या घेऊन जागं असायचं. उसात बिबट्या, बांधावर साप, आणि पाणी दिल्यावाचून मिरची तर थांबत नाही. आमची शेती माय बघते. आप्पांना खांब कळतात, पीक कळत नाही, हे दोघांनाही मान्य आहे. मायच्या हाताखाली मोलगीकडचा एक सालदार वर्षभर असतो. तो, त्याची बायको आणि लहान मुलगी शेतातल्या खोलीत राहतात. होळीला आठ-दहा दिवस डोंगरात जातात आणि परत येतात. मितभाषी माणूस. घरात पावरी बोलतो, आमच्याशी अहिराणी.

एका रात्रीच्या आठवड्यात मिरचीला पाणी देताना त्याला साप चावला. त्याच्या बायकोने आरडाओरडा करून शेजारच्या मळ्यातले लोक गोळा केले, त्यांनी त्याला मोटरसायकलवर मधे धरून शहाद्याच्या दवाखान्यात नेलं. मला सकाळी कळलं, कामावर जाताना. दवाखान्यात गेले तर तो शुद्धीवर होता, पाय मांडीपर्यंत सुजलेला. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणला, वाचेल. त्याची बायको खाटेशी बसून होती आणि मुलगी तिच्या मांडीवर झोपली होती. माय भिंतीला टेकून उभी होती. ती माझ्याकडे बघेना.

दोन दिवसांनी मी ड्युटीवर असताना गेटाजवळ गलका ऐकू आला. बाहेर बघते तर बायकांचा मोर्चा, आणि सगळ्यांच्या पुढे माझी माय. उपकेंद्राचं गेट कोणासाठीही उघडायचं नाही असा नियम आहे आणि तो बरोबरही आहे, कारण आत डोक्यावर उच्च दाबाच्या तारा असतात. मी गेटाच्या आतून उभी राहिले.

"दार उघड वं," माय ओरडली. "मन्ही आंडेर, मन्ही पोरगी शे ना तू? मंग उघड!"

"माय, आत येता येत नाही कोणाला. तिथूनच बोल."

"लाईट कोन बंद करस? तूच करस ना?"

"मीच करते. पण हुकूम वरून येतो."

"वर म्हंजे कोठे? वर कोन बठेल शे? त्याले बलाव!"

बायका हसल्या, मग पुन्हा ओरडायला लागल्या. मी आमच्या अभियंता साहेबांना फोन केला. साहेब विदर्भातले, वयाने माझ्याएवढेच, नुकतेच बदलून आलेले. ते जीपमधून उतरले ते थेट बायकांच्या घोळक्यात. रागावले नाहीत. गेटाबाहेरच्या निंबाखाली सगळ्यांना बसवलं आणि सालदाराची सारी हकीकत ऐकून घेतली. मग खरं तेच सांगितलं, "मावशी, वेळापत्रक मी ठरवत नाही. दिवसा सगळ्या शेतीला पुरेल एवढी वीज आमच्याकडे नसते. दिवसा कारखाने असतात, दुकानं असतात, कचेऱ्या असतात. म्हणून तुमचा नंबर रात्री लागतो."

"मंग तुम्हना वरना साहेबले सांगा."

"सांगतो. पण वीज बनवणारी कंपनी आमची नाही, ती वेगळी. आणणारी वेगळी. आम्ही फक्त वाटतो."

मायचा चेहरा मला अजून आठवतो. भांडायला कंबर कसून आलेल्या बाईला समोर भांडायला माणूसच सापडू नये, तसा तो चेहरा होता.

त्या संध्याकाळी मी माहेरी गेले. जेवणं व्हायची होती. माय भाकरी थापत होती आणि आप्पा पाटावर बसले होते. भाकरी तव्यावर टाकून ती माझ्याकडे वळली.

"एक बनावस, एक आनस, एक वाटस. मंग मी भांडू कोनासंगे?"

आप्पा लगेच म्हणाले, "तेच तर मी सांगी ऱ्हायंतू इतला वरीस. मंडळ व्हतं तवय एकच दार व्हतं. तठे जाईसन ओरडानं. आते दारंच दारं."

मी तिला मिरचीवरून सांगायला गेले. म्हटलं, "माय, मिरची तू पिकवतेस. टेम्पोवाला नंदुरबारला नेतो. तिथे व्यापारी विकतो. तिघं वेगळे आहेत की नाही? विजेचंही आता तसं केलंय. आणि पिकवणारा एकच राहिला पाहिजे असंही नाही. कोणीही खाजगी माणूस वीज तयार करू शकतो आणि आमच्या कंपनीला विकू शकतो."

तिने भाकरी उलटली. विचार करत होती. "मिरचीमा व्यापारी फसाडाले लागना तर आपन बाजार समितीमा जातस," ती म्हणाली. "लाईटनी बाजार समिती कोठे शे?"

मी उडालेच. एवढी वर्षं मी या खात्यात, पण आयोग म्हणजे काय हे इतक्या थोडक्यात मला कोणाला सांगता आलं नव्हतं. मी म्हटलं, "आहे. वीज नियामक आयोग म्हणतात. दर तेच ठरवतात, नियम तेच करतात. आणि दर ठरवायच्या आधी सुनावणी घेतात. कोणीही जाऊन बोलू शकतं."

"कोनीबी?"

"ज्याच्या घरी मीटर आहे तो कोणीही."

"मन्हा नाववर शे मीटर," माय म्हणाली, आणि पुढची भाकरी थापायला घेतली. मला वाटलं, विषय संपला. तो तिथून सुरू झाला होता.

काही महिन्यांनी वर्तमानपत्रात सुनावणीची जाहिरात आली. बारीक टाईपात, कोणी वाचू नये अशी छापलेली. मी ती आप्पांच्या चष्म्याखालून काढून मायला वाचून दाखवली. ठिकाण नाशिक. आप्पा म्हणाले, "तठे कारखानावाला येतस कोटबीट घालीसन. तुले कोन उभं करी?" मायने सरपंचांना निरोप पाठवला. आमचे सरपंच तरुण, पपईचे बागायतदार, गावासाठी काही करायची हौस असलेले. ते म्हणाले, काकू, मी येतो, माझी गाडी घेऊ. मी रजा टाकली. कंपनीची माणूस म्हणून मला तिथे बोलता येणार नव्हतं, पण मागच्या खुर्चीवर बसायला कोणी मनाई केली नव्हती.

निघायच्या दिवशी पहाटे आप्पा गाडीपर्यंत आले. मायच्या हातात त्यांनी एक पिशवी दिली. त्यात दशम्या होत्या आणि लसणाची चटणी. दशम्या त्यांनी स्वतः केल्या होत्या. माय पिशवीत डोकावली, त्यांच्याकडे पाहिलं, आणि पिशवी मांडीवर घेऊन गाडीत बसली.

नाशिकचं ते सभागृह थंडगार होतं. समोर उंच व्यासपीठावर आयोगाचे अध्यक्ष आणि सदस्य, एका बाजूला आमच्या कंपनीचे मोठे अधिकारी, आणि समोर खुर्च्यांवर आप्पा म्हणाले होते तसेच कोटवाले. कारखान्यांचे प्रतिनिधी, यंत्रमागवाले, ग्राहक संघटनांचे कार्यकर्ते. प्रत्येक जण इंग्रजी-मराठी मिसळून बोलत होता. मला त्यातलं बहुतेक समजत होतं. मायला समजत नव्हतं, पण ती खुर्चीच्या कडेला पुढे सरकून, जणू समोर कुस्ती चालली आहे अशी, एकेका बोलणाऱ्याकडे बघत होती. तिने हिरवं लुगडं नेसलं होतं, माझ्या लग्नातलं.

तिचं नाव पुकारलं. ती माईकपुढे उभी राहिली. माईक तिच्या कपाळाला लागत होता. शिपायाने तो खाली केला.

"साहेब, मन्ही बोली तुम्हले समजी का?"

सभागृहात कुजबुज झाली. अध्यक्ष म्हणाले, "बोला बाई. नाही समजलं तर विचारतो."

ती बोलली. तिने कोणाला शिव्या दिल्या नाहीत. दरांबद्दल तर एक अक्षर काढलं नाही. सालदाराचं सांगितलं, त्याच्या सुजलेल्या पायाचं आणि बायकोच्या मांडीवर झोपलेल्या पोरीचं. उसातून निघणाऱ्या बिबट्याचं सांगितलं. मग म्हणाली, "देवनी दिन दिधा कामले, रात दिधी झोपाले. आम्हनी लाईटच उलटी कसी चालस? माले फुकट नको साहेब. माले दिवसा पाहिजे."

ती थांबली. अध्यक्षांनी एका शब्दाचाही अर्थ विचारला नाही. मागच्या रांगेतून कोणीतरी टाळी वाजवली, आणि मग सगळ्या सभागृहाने वाजवली, कोटवाल्यांनीसुद्धा. मी वाजवली की नाही हे मला आठवत नाही.

अध्यक्ष म्हणाले की ही सुनावणी दरांची आहे, त्यामुळे या विषयावर आज आदेश देता येणार नाही, पण तुमचं म्हणणं नोंदवून घेतलं आहे. मग कंपनीच्या अधिकाऱ्यांकडे वळून म्हणाले, "या बाईंना तुमच्याकडून काय होऊ शकतं ते आजच सांगा. जाऊ देऊ नका त्यांना तसंच."

जेवणाच्या सुट्टीत एक मोठे अधिकारी आम्हाला शोधत आले. मी खुर्चीतून उठून उभी राहिले, सवयीने. ते मायच्या शेजारी बसले आणि सरळ भाषेत बोलले. शेतीची फिडर वेगळी काढून त्यांना दिवसा सूर्यावरची वीज द्यायची योजना आहे. उपकेंद्राजवळ जागा लागते. खाजगी कंपनी तिथे सौर पॅनेल लावते, स्वतःचे पैसे घालते, वीज आम्हाला विकते, ती वीज दुसरीकडे न जाता त्याच शिवाराला मिळते. "तुमच्या उपकेंद्राचं नाव यादीत नाही," ते म्हणाले, "कारण आसपासच्या एकाही गावाने जागा दिलेली नाही."

"जागा दिधी तर?"

"तर नाव येईल. पाठपुरावा मी करतो."

मायने पिशवी उघडली आणि त्यांच्यासमोर दशमी धरली. त्यांनी घेतली.

जागा म्हणजे गायरान. आमच्या गावाचं गायरान उपकेंद्राच्या मागे, नाल्यापर्यंत पसरलेलं, खडकाळ, बाभळी आणि तरवड. तिथे गुरं चरतात. ग्रामसभा बोलावली त्या दिवशी शाळेच्या पटांगणात माणूस मावत नव्हता. अधिकाऱ्यांच्या वतीने आमचे साहेब आले होते.

पहिली उठली ती एक म्हातारी. तिच्या बकऱ्या, आणि त्यावरच तिचं घर चालतं. ती म्हणाली, "तुम्हले पानी भेटी, मन्ह्या बकऱ्या काय खातीन? काच खातीन का?" लोक हसले, पण मायने हात वर करून त्यांना गप्प केलं. म्हणाली, हसू नका, तिचं खरं आहे. मग बराच वेळ त्यावरच बोलणं झालं. शेवटी ठरलं की नाल्याकडचा हिरवा पट्टा आणि पाण्यावर जायची वाट गायरानातच राहील, तिथे एकही खांब रोवायचा नाही, आणि हे ठरावात लिहायचं. म्हातारीने ठराव दोनदा मोठ्याने वाचायला लावला, तेव्हा खाली बसली.

मग आप्पा उठले.

घरात ते महिनाभर एकच वाक्य बोलत होते, सरकारची वीज विकायला काढली. लोक त्यांच्याकडे वळले, कारण गावातल्या प्रत्येक घराची पहिली तार आप्पांनी ओढलेली आहे आणि त्यांचा शब्द लोक ऐकतात.

"मन्हे तीन सवाल शेत," ते साहेबांना म्हणाले. "जमीन कोनी व्हई?"

"जमीन सरकारचीच राहील. कंपनीला फक्त भाड्याने."

"कंपनी पळी गयी तर?"

"तर दुसरी आणायची. जमीन, खांब, उपकेंद्र कुठे जात नाही."

"आनि लाईट सोडनारा मानूस कोन ऱ्हाई? त्यासना का आपला?"

साहेबांनी माझ्याकडे बोट केलं. मी बायकांच्या मागे उभी होते. "या राहतील," ते म्हणाले. "पॅनेल त्यांचे, वीज त्यांची. पण फिडरला वीज सोडायचं काम उपकेंद्रातूनच, आमचीच माणसं करणार."

आप्पांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. सगळ्या गावाने पाहिलं. डोक्यावरची टोपी त्यांनी उगाच सारखी केली. मग म्हणाले, "तर मन्हा हात वर शे," आणि हात वर केला. त्यांच्यामागे सगळ्या पटांगणाचे हात वर गेले. मोजायची गरज पडली नाही.

कामाला पुढे वेळ लागला. कागद नंदुरबारला गेले, मुंबईला गेले, परत आले. निविदा निघाली. मध्यंतरी एका पावसाळ्यात लोक मायला टोमणे मारायला लागले की, काकू, तुमचा सूर्य कुठे अडकला? ती म्हणायची, येतोय, बैलगाडीने येतोय. सालदार बरा होऊन कामाला लागला होता. रात्रीच्या आठवड्यात माय आता त्याला एकट्याला पाठवत नसे, स्वतः कंदील घेऊन बांधावर बसायची.

मग एका थंडीत, सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा उठली आणि त्याच रस्त्याने ट्रेलर यायला लागले. पॅनेलांच्या पेट्या, लोखंडी पाय, केबलची मोठी रिळं. सौर कंपनीचा साईट इंजिनिअर सुरतेकडचा, गुजराती आणि हिंदी मिसळून बोलणारा. त्यात आमची अहिराणी मिसळली आणि कोणालाच दुभाषा लागला नाही. मजुरीला तळोदा, धडगावकडची जोडपी आली. कोणी खड्डे घेतले, कोणी पेट्या उचलल्या, कोणी नटबोल्ट आवळायला शिकलं. एरवी हीच माणसं ऊसतोडीला गुजरातेत जातात. त्या वर्षी काही घरं गेली नाहीत.

एक अडचण आली ती तारेची. पॅनेलांपासून उपकेंद्रापर्यंतच्या लाईनचे खांब एका बागायतदाराच्या केळीतून जायचे होते आणि तो ऐकेना. माय त्याच्याशी भांडली नाही. इंजिनिअरला म्हणाली, मन्हा बांधवरतून न्या, थोडा लांबचा फेरा पडेल, पडू दे. खांब रोवायचे त्या दिवसांत आप्पा सकाळी खुर्ची घेऊन बांधावर जाऊन बसायचे. ठेकेदाराच्या पोरांना सूचना द्यायचे. पोरं काही ऐकायची, काही नाही. ऐकली नाही की आप्पा म्हणायचे, "मंडळ व्हतं तर..." आणि पोरं म्हणायची, "हां काका, चाय घ्या." आठवडाभरात आप्पा त्यांच्यासाठी घरून ताक न्यायला लागले.

सुरू करायचा दिवस ठरला तेव्हा मी साहेबांकडे शब्द टाकला होता की पाळी माझी लावा. ते म्हणाले, तुमचीच लावली आहे. सकाळी स्वच्छ ऊन होतं. गेटाबाहेर गाव जमलं होतं, निंबाखाली नारळ, हार, एक ढोलवाला. आत खोलीत मी आणि साहेब. कंपनीचा इंजिनिअर पलीकडे त्याच्या केबिनमध्ये, फोनवर.

सगळ्या तपासण्या झाल्या. साहेबांनी विचारलं, "लाईनवर कोणी नाही ना?" मी सगळ्यांचे परतल्याचे निरोप घेतलेच होते. म्हटलं, कोणी नाही. ते म्हणाले, "मग घ्या."

सौर लाईनचा ब्रेकर मी बंद केला. ब्रेकर बंद करणं म्हणजे आमच्या भाषेत वीज चालू करणं. खाडकन आवाज झाला. पॅनेलवरचा आकडा शून्यावरून हलला, वर सरकायला लागला, आणि सरकतच राहिला. मग मी आमच्या शेतीच्या फिडरला हात घातला. दुसरा खाडकन आवाज. खिडकीतून उन्हात चमकणारं गायरान दिसत होतं. एवढी वर्षं याच खोलीतून मी त्या शिवाराला नाही म्हणत आले होते, वेळ झाली म्हणून, आदेश आला म्हणून. त्या सकाळी घड्याळात नऊ वाजायचे होते, आठवडा रात्रीचा होता, आणि मी वीज दिली होती.

फोन वाजला. माय. ती समारंभाला न येता मळ्यातच थांबली होती, कारण तिला पाणी स्वतः बघायचं होतं.

"उनी वं, उनी!" ती ओरडत होती. मागे मोटरचा आवाज आणि पाण्याचा धबधबा. "पानी उनं! फुल उनं! ढोल वाजाड त्यासले सांग!"

मी खिडकीतून हात हलवला. ढोल वाजला. साहेबांनी माझ्याशी हात मिळवला आणि मग चष्मा काढून पुसत बसले.

पाळी संपल्यावर मी मळ्यात गेले. मिरचीच्या सऱ्यांतून पाणी उन्हात लकाकत चाललं होतं. सालदार अनवाणी, फावडं घेऊन दारं धरत, एका सरीतलं पाणी दुसरीत वळवत होता, आणि त्याची मुलगी सरीच्या पाण्यात पानं सोडत होती. मी त्याला विचारलं, कसं वाटतंय? हा माणूस कधी दोन वाक्यं एकत्र बोलत नाही. तो म्हणाला, "आते मले साप दिसस, आनि सापले मी बी दिसस. दोन्हीसनं बरं." आणि मोठ्याने हसला. त्याला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

सगळं सुटलं असं मी म्हणणार नाही. ढगाळ दिवसांत खोलीतल्या पॅनेलवरचा आकडा खाली येतो आणि वीज बाकीच्या जाळ्यातून घ्यावी लागते. कंपनी घरोघर लावते आहे त्या नव्या मीटरांवरून गल्लीत वाद चालू आहेत, आणि आप्पा अजून सगळ्या कंपन्यांना मिळून मंडळच म्हणतात. पण शिवारात रात्री बॅटऱ्या दिसत नाहीत. म्हातारीच्या बकऱ्या नाल्याकडच्या पट्ट्यात असतात, आणि पॅनेलांखालचं गवत वाढू नये म्हणून इंजिनिअरने एका मेंढपाळाला आत मेंढ्या सोडायला सांगितलं आहे. बकऱ्यांना मनाई, कारण त्या पॅनेलवर चढतात. म्हातारीला हे अजून पटलेलं नाही. तिच्या बकऱ्या शहाण्या आहेत असं ती दर ग्रामसभेत सांगते.

गेल्या उन्हाळ्यात नवापूर तालुक्यातून मायला बोलावणं आलं. खांडबाऱ्याजवळच्या एका गावात जागेवरून ग्रामसभा अडली होती. त्यांच्या सरपंचबाईंनी कुठूनतरी मायचं ऐकलं होतं. आम्ही तिघं नंदुरबारहून रेल्वेने गेलो. माय, आप्पा आणि मी. स्टेशनवर न्यायला माणसं आली होती. सभेत बहुतेक आदिवासी शेतकरी, घरी कोकणा जमातीची कोकणी नाहीतर भिली बोलणारे. माय अहिराणीत बोलली, एक शिक्षक मधूनमधून त्यांच्या भाषेत सांगत होता. तिने बकऱ्यांची वाट आधी सोडा म्हणून सांगितलं, मग बाकीचं. आप्पा उठून म्हणाले, तीन सवाल विचारल्याशिवाय हात वर करू नका, आणि त्यांनी ते सवाल त्यांना शिकवले. लोकांनी विचारले. चौथा त्यांनी स्वतःचा घातला, की कामाला माणसं आमचीच घेणार का. त्यांच्या अधिकाऱ्याने हो म्हटलं आणि ते लिहून घेतलं गेलं. ठराव झाला तेव्हा बायकांनी मायला मधे घेऊन नाचायला ओढलं. तिला ती पावलं येत नव्हती, तरी ती नाचली, आणि आप्पा बाजूला उभे राहून टाळ्या वाजवत होते.

परतीच्या गाडीत गर्दी होती, पण मायला खिडकीची जागा मिळाली. नंदुरबार येईपर्यंत ती शेजारच्या अनोळखी बाईला विजेची बाजार समिती कुठे असते ते समजावून सांगत होती.